यादी फोडणाराच गुन्हेगार?

माझ्या बापाचे कर्जाचे दोन हप्ते चुकले, तर वसुलीवाले आईची शिलाई मशीन उचलून घेऊन गेले. म्हणाले, कायदा आहे.

आता धनदांडग्यांचा कायदा बघा. एचएसबीसीच्या जिनिव्हातल्या बँकेनं बड्यांना कर चुकवायला हात दिला. खातेदारांची यादी 2010 साली ब्रिटनच्या करखात्याच्या हातात पडली. 2015 उजाडेपर्यंत तिथं खटला किती जणांवर? फक्त एकावर! त्याच साली जिनिव्हात बँकेनं 4 कोटी स्विस फ्रँक मोजले, चौकशी खलास. आणि यादी बाहेर काढणारा फाल्सियानी? स्विस कोर्टानं त्याला 5 वर्षांची सजा ठोकली!

साबणाच्या वडीवर, काडेपेटीवर कर भरणारे आपण. ज्याला दंड मोजून गुन्हा पचवता येतो, त्याच्या कायद्याला मी कायदा म्हणणार नाही. तुम्ही म्हणणार?