घर मागायचं तर आधी घर दाखवा

ह्या राज्यात घर मागायला आधी घर लागतं. हसू नका. शासन निर्णय काढून वाचा.

रमाई आवास योजना घ्या. नाव त्या माउलीचं, जिनं परळच्या चाळीत संसार रेटला. अट काय? स्वतःची जागा पाहिजे, नाहीतर कच्चं घर तरी. अरे, ज्याच्या बापजाद्यांना कुसाबाहेर ठेवलं, ज्याच्या नावावर कधी सातबारा चढला नाही, त्याच्याकडं जागेचा कागद मागता? जागा असती तर तो तुमच्या दारात कशाला आला असता?

शहरात या. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचं फुकट घर १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला. २०११ पर्यंतच्याला पैसे मोजून. त्यानंतर कुणी दुष्काळानं हाकललेला आला, तर तो माणूस नाही, अतिक्रमण! आणि ज्याला झोपडीच नाही? फुटपाथवाल्यांच्या खटल्यात १९८५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पोट भरायचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. झकास. त्याच निकालानं पावसाळा सरल्यावर त्यांना हटवायची मोकळीकही दिली. हक्क कागदावर, बिऱ्हाड ट्रकात.

लाख वस्तीमागं एक चोवीस तासांचा निवारा, असा नियम आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची. म्हणजे १२४ निवारे. आपल्या वॉर्डात जाऊन मोजा, बोटं उरतील.

आता भाडेकरूचं बघू. म्हणजे आपलंच. वसतिगृहात नंबर न लागलेल्या पोरांसाठी बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना निघाली. २०१७ च्या शासन निर्णयात मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार. त्यात राहण्याचे किती? २० हजार. महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये! ह्या पैशात मुंबईत खोली सोडा, कॉटसुद्धा मिळत नाही. तेही वेळेवर येत नाहीत. पोरं समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतात. नाव बाबासाहेबांचं, हिशोब सावकाराचा.

बरं, भाड्यानं राहतो हे दाखवायला कागद पाहिजे. कागद देणार कोण? घरमालक. तो आधी आडनाव विचारतो. मग म्हणतो, खोली कालच गेली. १९१७ साली बडोद्यात परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, धर्मशाळेतून हुसकलं, ते झाडाखाली बसले. शंभर वर्षं उलटली. मालक लाठी घेऊन येत नाही आता, गोड हसतो. आणि ह्याच मालकाच्या सहीवर सरकार आपली मदत टांगून ठेवतं!

म्हणून ऐका. योजनांना आपल्या माणसांची नावं दिली म्हणून टाळ्या पिटायचं बंद करा. नाव नको, जागा द्या. ज्याला जमीन नाही त्याला आधी जमीन. भाड्याची मदत बाजारातल्या भाड्याइतकी, दर महिन्याला. मालकानं करार नाकारला तर पोराच्या लेखी जबाबावर मदत, आणि मालकाची चौकशी. निवाऱ्याच्या दारात कुणाला पत्ता विचारायचा नाही.

हे दान नाही. ज्यांनी तुमच्या इमारतींच्या विटा वाहिल्या, त्यांची ही थकबाकी आहे. अर्ज पुष्कळ लिहिले. आता वसुलीला निघा.

जय भीम.