पाटी दिसली का, बॉस?

मागच्या शनिवारी मैत्रिणीच्या नव्या कोऱ्या गाडीतून लोणावळ्याला निघालो. मागच्या सीटवर तिची लेक गाढ झोपलेली, पुढे आमच्या गप्पा फुल्ल रंगात. घाटात अचानक डॅशबोर्डवर लाल गोलातला आकडा लुकलुकायला लागला, वर टुंग-टुंग. ‘आता हिला काय झालं?’ मैत्रीण वैतागली. झालं एवढंच होतं, की स्पीड लिमिटची पाटी आम्हा दोघींपैकी एकीनेही पाहिली नव्हती. गाडीने पाहिली होती!

ही करामत आरशामागच्या छोट्याशा कॅमेऱ्याची. समोरच्या गर्दीतून तो गोल, त्रिकोण, लाल कडा हुडकतो आणि हजारो फोटो बघून शिकलेला कॉम्प्युटर त्यातला आकडा ओळखतो. किती बरोबर? २०११ मध्ये जर्मनीतल्या ४३ प्रकारच्या पाट्यांचे फोटो घेऊन एक स्पर्धा झाली. माणसांनी सरासरी ९८.८४ टक्के पाट्या बरोबर ओळखल्या. स्वित्झर्लंडच्या एका टीमच्या प्रोग्रॅमने ९९.४६ टक्के! म्हणजे आपण चक्क हरलो.

पण लगेच स्टिअरिंग सोडू नका. २०२० मध्ये मॅकॅफीच्या संशोधकांनी अमेरिकेत ३५ च्या पाटीवरच्या तीनची मधली रेघ काळ्या टेपने जराशी लांबवली. २०१६ च्या टेस्लाने ती ८५ वाचली आणि स्पीड वाढवायला घेतला! तुम्ही-आम्ही ती ३५च वाचली असती.

म्हणूनच युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये वेगमर्यादेची आठवण करून देणारी सिस्टिम सक्तीची असली, तरी शेवटचा शब्द ड्रायव्हरचाच. आणि आपल्याकडे? अर्ध्या पाट्या झाडाच्या फांदीमागे, उरलेल्या कुणातरी दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे. जी पाटी दिसतच नाही, ती कॅमेरा काय कपाळ वाचणार?

तर त्या दिवशी घाटात मैत्रीण टुंग-टुंग बंद करायचं बटण शोधायला लागली. मी म्हटलं, ‘राहू दे गं.’ तिने आरशातून मागे झोपलेल्या लेकीकडे पाहिलं आणि गुपचूप ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडीने फक्त सांगितलं होतं. पाय तिलाच उचलावा लागला.

तुमची गाडी जुनी आहे? नो प्रॉब्लेम. शेजारी बसलेल्याला कामाला लावा. फक्त त्याच्या हातातला मोबाइल आधी काढून घ्या!