मंगेशकरांचं ‘खरं’ आडनाव

मंगेशकर हे आडनाव बोलण्यात आलं की पाचव्या मिनिटाला कोणीतरी आवाज खाली आणतो आणि सांगतो, “अहो, ते मूळचे मंगेशकर नव्हेत. खरं आडनाव वेगळंच आहे.” सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जुनं दप्तर उकरून काढल्याचा आनंद असतो. मग एक म्हणतो हर्डीकर, दुसरा म्हणतो नवाथे, तिसरा म्हणतो अभिषेकी. तिघांची जुंपते. चहा गार होतो. मला या ‘खरं’ शब्दाचा मनापासून राग आहे, आणि तो का आहे हे आज जरा सविस्तर लिहितो.

आधी जे सर्वांना ठाऊक आहे ते. मास्टर दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, मंगेशीचा. वडील गणेशभट, श्रीमंगेशाच्या देवळातले पुजारी, देवावर अभिषेक करणाऱ्या घराण्यातले. आई येसूबाई राणे, देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजातल्या, स्वतः गाणाऱ्या. या समाजाला आज आपण गोमंतक मराठा समाज म्हणतो. कलावंत समाजातल्या मुलाला बापाचं आडनाव मिळायचं नाही, ही त्या काळची रीत होती. बाप कोण हे गावाला ठाऊक असायचं, पण कागदाला ठाऊक नसायचं. या मुलाने पुढे बापाचं आडनाव लावलं नाही, आईचंही लावलं नाही. गावाचं आणि गावच्या देवाचं लावलं. मंगेशकर.

झालं, इतकंच. एका माणसाने आपलं नाव आपण ठरवलं. यात ‘खरं’ आणि ‘खोटं’ कुठून आलं?

बरं, ‘खरं’ म्हणून जी तीन नावं पुढे करतात ती तरी बघू या. अभिषेकी हे कामावरून पडलेलं नाव. देवावर अभिषेक करतात ते अभिषेकी. जसे कुळकर्णी, देशपांडे, पुराणिक. म्हणजे कोण्या एका पिढीत ते लागलं, त्याआधी ते नव्हतं. हर्डीकर हे तर उघडउघड ‘कर’च आहे. कोणी पूर्वज कधीतरी आपलं गाव सोडून निघाला आणि नव्या जागी लोकांनी त्याला जुन्या गावाच्या नावाने हाक मारली. मग आजोबा-पणजोबांनी गावावरून नाव घेतलं तर ते ‘मूळ’, आणि दीनानाथांनी घेतलं तर ते ‘घेतलेलं’? दोघांनी केलं तेच. फरक एवढाच की पणजोबांची आई कोण होती हे कोणी विचारत नाही.

पंडित जितेंद्र अभिषेकी याच मंगेशीचे, जन्म १९२९ चा. त्यांचे वडील दीनानाथांचे सावत्र भाऊ. म्हणजे एकाच आजोबांच्या दोन शाखा, एका शाखेला अभिषेकी म्हणायचं, दुसरीला मंगेशकर. दोन्ही नावं देवाभोवतीच जन्मलेली. एक देवाच्या डोक्यावर पाणी घालण्यावरून आलं, दुसरं खुद्द देवाच्या नावावरून. गाण्यात दोन्ही शाखा मोठ्या. पण ‘खरं आडनाव काय हो’ हा प्रश्न अभिषेकींना कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तो नेहमी एकाच शाखेला विचारला जातो. म्हणजे प्रश्न आडनावाचा नाहीच. तो येसूबाईंचा आहे.

आता ‘मूळ’ शोधायचंच असेल तर नीट शोधू. मंगेशी म्हणजे काय? हा काही अनादी काळापासूनचा गाव नव्हे. श्रीमंगेशाचं मूळ ठाणं कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला. पोर्तुगीजांच्या अमलात देवळं मोडायला लागली तेव्हा १५६० साली भाविकांनी लिंग उचललं, जुवारी ओलांडली आणि पलीकडे प्रियोळला आणून ठेवलं. तिकडे तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. देव जिथे टेकला त्या वाड्याचं नाव मंगेशी झालं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, तसाच हाही. म्हणजे मंगेशकर या आडनावाची मुळं कितीही खोल खणा, १५६० च्या खाली मंगेशी लागायची नाही. तिथे एक निर्वासित देव लागेल. ज्या गावात देवच परगावचा, त्या गावावरून घेतलेल्या आडनावात ‘अस्सल किती’ म्हणून विचारायचं धाडस आपल्याला होतं तरी कसं?

‘कर’ लावण्याची आपली पद्धतच मुळात कशी आहे बघा. केरीत राहणाऱ्याला केरकर म्हणण्यात काही अर्थ नसतो, तिथे सगळेच केरीचे. माणूस केरी सोडतो तेव्हा केरकर होतो. आडनाव गाव सोडल्यावर चिकटतं. म्हणून ‘कर’ आडनावांचा नकाशा हा मुळांचा नकाशा नसतो, तो निघून गेलेल्यांचा नकाशा असतो. आणि एकाच आडनावाचं एकच गाव असतं असंही नाही. केसरबाई केरकर फोंड्यातल्या केरीच्या. पण पेडण्यातही केरी आहे, सत्तरीतही केरी आहे. तिन्ही केरींतून निघालेले केरकर एकमेकांचे कोणी लागत नाहीत. हल्ली संगणकावर आडनाव टाकलं की ‘उगम अमुक, लोकसंख्या तमुक, मूळ क्षत्रिय’ असं छापील उत्तर मिळतं. त्या यंत्राला तीन केरी कोण सांगणार? आमच्याकडे तर पोर्तुगीज कारकुनाने रोमी लिपीत कामतांचं ‘कामोतिम’ केलं, परबांचं ‘पोरोबो’ केलं. यंत्राच्या लेखी ती चार निराळी घराणी. या आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा पत्ते कुटलेले बरे.

गाणाऱ्या बायकांची आडनावं घेतली तर हा ‘मूळ’ प्रकार पारच कोसळतो. हिराबाई बडोदेकर जन्मल्या मिरजेला, १९०५ साली. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने बडोद्याच्या. भाऊ सुरेशबाबू माने. बहीण सरस्वती, लग्नानंतर राणे. एका आईबापांची मुलं, तीन आडनावं, आणि त्यातलं एकही वडिलांचं नव्हे. हिराबाईंनी आईचं शहर आपल्या नावाला जोडलं आणि बडोद्याला अभिमान वाटावा असं ते गाजवलं. आता सांगा, ‘खऱ्या’ कोण?

किंवा मोगूबाई कुर्डीकर घ्या. जन्म १९०४, सांगे तालुक्यातल्या कुर्डीचा. लहान वयात नाटक कंपनीत आणि पुढे मुंबईला, अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत. मागे राहिलेलं कुर्डी पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. लोकांना वालकिणी आणि वाड्याला हलवलं, जुनं महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाचे पाये तेवढे वर येतात, लोक जाऊन आपल्या देवाला भेटून येतात आणि पावसाबरोबर सगळं पुन्हा बुडतं. गाव नाही, पण कुर्डीकर आहे. घरं बुडाली तेव्हा नाव कोणी सांभाळलं? जिच्या जन्माकडे गावाने तिरक्या नजरेने पाहिलं त्या समाजातल्या एका बाईने.

मंगेशकर या नावाचा पसारा असाच बघायला हवा. हे आडनाव दुर्मीळ आहे. मंगेशीहून निघालेला कोणीही ते लावू शकतो, पण जगाला ठाऊक झालं ते एका घराचं. ते पसरलं वंशविस्ताराने नव्हे, नाटक कंपनीच्या बैलगाड्यांनी आणि रेल्वेच्या डब्यांनी. दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर १९१८ साली बलवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा त्यांचं वय सतरा. मग मुक्कामामागून मुक्काम. लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. आशाबाईंचा सांगलीकडचा, १९३३ चा. दीनानाथ गेले ते पुण्यात, २४ एप्रिल १९४२ ला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. नंतर बिऱ्हाड कोल्हापूर आणि तिथून मुंबई. मंगेशीत रुजलेलं नाव असं मुक्कामामुक्कामाने फिरत राहिलं. तंबोरा हीच मोठी इस्टेट.

आणि आता मजा बघा. आपल्या कुळवृत्तांतात मुली नसतात. असल्या तर ‘कन्या ३’ एवढ्या. का, तर मुली आडनाव बदलतात, नाव पुढे नेतात ते मुलगे. इथे काय झालं? मीनाबाई खडीकर झाल्या, आशाबाई भोसले झाल्या, हे रीतीप्रमाणे. पण मंगेशकर हे नाव घराघरात नेलं ते लग्न न केलेल्या लताबाईंनी, आणि धाकट्या उषाबाईंनीही ते बदललं नाही. हृदयनाथांचा वाटा मोठाच, पण वंशावळीच्या नियमाने ज्या मुलींचं नाव ‘खुंटायला’ हवं होतं त्यांनीच ते आकाशवाणीवरून पोचवलं. मध्य प्रदेश सरकारचा लताबाईंच्या नावाचा पुरस्कार १९८४ पासून आहे. पुण्यात २००१ पासून दीनानाथांच्या नावाचं रुग्णालय आहे. पणजीच्या कला अकादमीचं नाट्यगृह दीनानाथांच्या नावाचं. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या आणि त्याच वर्षी अयोध्येत त्यांच्या नावाचा चौक झाला, चाळीस फुटी वीणेसकट. शिधापत्रिकांवर मोजक्याच ठिकाणी आढळणारं आडनाव पाट्यांवर देशभर आहे. आहे का असं दुसरं उदाहरण?

आता कोणी म्हणेल, “इतकं कशाला तापता? लोक सहज विचारतात. आडनावाचा अभ्यास करूच नये का?” जरूर करावा. आडनावात इतिहास असतो, स्थलांतरं असतात, बुडालेली गावं असतात. वर मी तेच तर करतोय. कुलदेवता शोधायला, जुनी कागदपत्रं लावायला आडनाव उपयोगी पडतं हेही मान्य. पण आमच्या गोव्यात आडनाव नुसतं अभ्यासापुरतं कधीच नव्हतं. देवस्थानांचा कारभार आजही १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीने चालतो. महाजन कोण, तर यादीतल्या घराण्यांतले, आणि हक्क जातो बापाकडून मुलाकडे. ज्या बाईने देवासमोर आयुष्यभर गायलं तिच्या मुलाला त्या यादीत ओळ नव्हती. यादीत शिरायला आडनाव लागे, आणि आडनाव द्यायला बाप तयार नसे. अशा मुलाने खुद्द देवाचंच नाव उचललं आणि स्वतःच्या नावापुढे लावलं. महाजनांकडे देवळाच्या चाव्या राहिल्या, याच्याकडे देवाचं नाव आलं. माझ्या लेखी गोव्याच्या सामाजिक इतिहासातला याच्याइतका देखणा जबाब दुसरा नाही. आणि आपण त्याला ‘बदललेलं आडनाव’ म्हणून निकालात काढतो!

याच समाजातल्या राजाराम पैंगीणकरांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘मी कोण?’ हा प्रश्न त्यांना स्वतःहून पडला नसणार, समाजाने तो रोज उठून विचारला असणार. आजही आपण तो विचारतोच, फक्त जरा गोड आवाजात. “तुजो गांव खंयचो? म्हणजे... मूळ?” वधू-वरांच्या माहितीपत्रकात आडनावाच्या रकान्याशेजारी ‘मूळ आडनाव’ असा आणखी एक रकाना असतो. नोकरीवर आलेल्या नव्या माणसाचं आडनाव कळत नाही तोवर आपल्या जिवाला चैन नसते. ‘निज गोंयकार’ कोण हे ठरवायला निघालेलेही आडनावांवरूनच सुरुवात करतात. कुशस्थळीहून पळालेल्या देवाच्या देशात हे चालतं, हे विशेष.

माझं मागणं फार नाही. आडनावाचा शोध घ्यायचा तर पुरता घ्या. कुळवृत्तांत छापा, पण त्यात आयांचीही नावं छापा, त्यांच्या आयांचीही. मग बघू, किती ‘मूळ’ आडनावं उरतात ते. आणि ज्याला एवढं झेपत नसेल त्याने मंगेशकरांच्या खऱ्या आडनावाची चौकशी बंद करावी. त्यांचं खरं आडनाव मंगेशकर आहे.