पुण्याची मोरी, सोलापूरचा हंडा

परवा सोलापूरहून आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तिचं ठरलेलं वाक्य आलंच, "तुम्ही पुणेकर करा रे अंघोळी निवांत, आम्ही उकळून पितो!" दरवेळी मी हसून सोडून देतो. या वेळी काही हसू आलं नाही. आत्या चेष्टेत म्हणते खरी, पण बोलते ते भूगोलाच्या पुस्तकातलं.

बघा ना. खडकवासल्याहून मुठा शहरात येते आणि संगमावर मुळेला मिळते. मुळेत त्याआधीच दापोडीला पवना आलेली असते. मग मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत जाते आणि भीमा उजनी धरणात. उजनीतून जलवाहिनीने पाणी सोलापूरला येतं. धरणातून सोडलेलं पाणी खाली पंढरपूरला जातं, तिथे आपण तिला चंद्रभागा म्हणतो आणि तिचं तीर्थ घेतो. वारी वर्षातून एकदा पुण्याहून पंढरीला जाते, आपल्या मोरीतलं पाणी रोज जातं!

किती जातं? शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी माप. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात. म्हणजे चौघांच्या घरातून दिवसाला चारशेहून जास्त लिटर. आता शहरभरच्या घरांनी गुणा.

हे पाणी स्वच्छ करण्यात जादू काही नाही. जाळीवर चिंध्या आणि प्लास्टिक अडतं, मग वाळू खाली बसते. पुढच्या टाकीत हवा सोडतात आणि त्या हवेवर वाढणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. गाळ खाली बसला की वरचं पाणी क्लोरीन घालून नदीत. नदीसुद्धा हेच करते, पण सावकाश. घाण फार झाली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो.

आता माझा खरा मुद्दा. आपण या केंद्रांची क्षमता मोजतो आणि खूश होतो. २०१६ च्या जानेवारीत जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा करार झाला, त्यात पुण्यासाठी ११ नवी केंद्रं आणि रोजची ३९.६ कोटी लिटर क्षमता ठरली होती. आकडा मोठा आहे, पण क्षमता म्हणजे शुद्ध झालेलं पाणी नव्हे. ज्या नाल्याचं पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, त्याला केंद्राचा काय उपयोग? वीज गेली आणि हवेचे पंप थांबले, तर त्या दिवशीच्या पाण्याचं काय? आणि सगळं नीट चाललं तरी नेहमीच्या पद्धतीत नत्र आणि फॉस्फरस थोडंच निघतं. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. उरलेलं खत खाली जातं. जलपर्णी आणि उजनीचं उन्हाळ्यातलं हिरवं पाणी त्यावरच पोसतं.

हे इतकी वर्षं का चालतं? मला वाटतं, कारण साधं आहे. सांडपाण्याचं केंद्र ज्या गावात बांधतात त्याच्या उपयोगाचं ते फारसं नसतंच, ते खालच्या गावासाठी असतं. पैसे आपण द्यायचे आणि बंद पडलं तर भोगायचं दौंड, इंदापूर, सोलापूरने. आणि तिथले लोक आपल्या नगरसेवकाला मत देत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याचा संशय आला, तेव्हा कसं सगळं शहर खडबडून जागं झालं! पाणी आपल्या नळाचं होतं ना.

कोणी म्हणेल, सोलापूरलाही पाणी शुद्ध करूनच देतात की. देतात. पण शेजाऱ्याने अंगणात कचरा टाकावा आणि म्हणावं, तुमच्याकडे केरसुणी आहेच की, तसं झालं हे. शिवाय नदीत उतरणाऱ्या गुराला, माशाला आणि वारकऱ्याला कुठलं फिल्टर?

म्हणून मला वाटतं, वरच्या गावाच्या केंद्राचा हिशोब खालच्या गावाने तपासावा. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे रोज जाहीर व्हावेत आणि तपासणाऱ्यांत खालच्या गावांची माणसं असावीत. नदीकाठ सुशोभित करायचा तो त्यानंतर. काठावर बाक टाकले म्हणून पाणी काही सुधारत नाही.

असो. आत्याला म्हटलं, पुढच्या वेळी पुण्याला आलीस की आधी केंद्र बघायला जाऊ, सारसबाग नंतर. ती म्हणाली, "ये म्हणावं त्यांनाच इकडे, पाणी देते प्यायला."

तुमच्या गावाच्या खाली कोणतं गाव आहे? एकदा नकाशा काढून बघाच.