गाडीची टिंगटिंग बंद करण्याआधी...



चौथीच्या वर्गात वाहतुकीच्या नियमांवर बोलणं चालू होतं. मी विचारलं, "गाडीत बसल्यावर आधी काय करायचं?" सगळे एका सुरात, "सीट बेल्ट लावायचा!" तेवढ्यात मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "बाई, आमच्या गाडीत एक क्लिप आहे. ती खोचली की बेल्ट न लावतासुद्धा गाडी गप्प बसते." वर्ग हसला. मी घाईघाईने पुढचा प्रश्न विचारला. कारण तशीच क्लिप माझ्याही गाडीत होती.

आता तुम्ही म्हणाल, बाई असून असं कसं? सांगते. माझी शाळा घरापासून अठरा किलोमीटरवर. शेजारच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा, डबा, पर्स. त्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. गठ्ठा जड झाला की गाडीला वाटतं माणूस बसलाय, आणि टिंग टिंग सुरू. रोज सकाळी डोकं उठायचं. वह्यांना कुठे बेल्ट लावायचा? म्हणून शेजारच्या सीटसाठी क्लिप आणली. माझा बेल्ट मी लावतच होते, त्यामुळे यात काही गैर आहे असं वाटलंच नाही.

पुढे एका शनिवारी मुलीला आजीकडून आणत होते. ती दुसरीत आहे. हट्ट करून पुढे बसली. लहान मुलांची जागा मागच्या सीटवर, हे माहीत असून मी बसू दिलं. गप्पांच्या नादात तिचा बेल्ट राहिला आणि गाडी काहीच बोलली नाही. क्लिप होती ना! फाट्याजवळ कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि ती समोर आदळली. गाडी हळू होती म्हणून कपाळावरच्या टेंगळावर निभावलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी ताशी ६० किलोमीटरने जाते तेव्हा ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. गाडी थांबते, पण आतलं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. हेच ते जडत्व, जे आपण पाठ करून घेतो. एअरबॅगसुद्धा बेल्टच्या जोडीला असते, बेल्टच्या ऐवजी नाही.

हा आवाज आला कुठून?

१ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींमध्ये चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी बेल्टची सूचना, वेगाची सूचना आणि मागे घेतानाचे सेन्सर बंधनकारक आहेत. ताशी ८० च्या वर गेलं की मधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजतं, ते यामुळेच. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावावा असा नियम आहे. १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा मुलांसाठीची खास सीट नसेल, तर १००० रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतर या क्लिपांचा विषय ऐरणीवर आला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि क्लिपांच्या १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या.

मग त्रास कसा कमी करायचा?

१. पिशवी, वह्या, डबा मागच्या सीटच्या पायाशी किंवा डिकीत ठेवा. माझा निम्मा त्रास एवढ्यानेच गेला.
२. गाडी चालू करण्याआधी सगळ्यांचे बेल्ट लावून घ्या. म्हणजे वाजायला कारणच उरत नाही.
३. मागे घेताना उगाच वाजत असेल तर बंपरवरच्या सेन्सरचा चिखल पुसा.
४. दार, डिकी नीट लागली आहे का पाहा.
५. हे सगळं करूनही वाजत असेल तर गॅरेजमध्ये दाखवा. वायर तोडू नका आणि बेल्ट पाठीमागून अडकवू नका.

आवाज त्रासदायक आहे हे मला मान्य आहे. सारखा वाजणारा इशारा कानाआड होतो. वर्गात आपण दिवसभर "गप्प बसा" म्हणत राहिलो तर मुलं ऐकायची बंद होतात, तसंच. पण म्हणून आवाजच मारून टाकायचा की तो का येतोय ते बघायचं? गठ्ठा हलवायला मला अर्धा मिनिट लागलं असतं. मी सोपा रस्ता धरला.

माझं खरं म्हणणं इथेच आहे. मुलं नियम पुस्तकातून पाठ करतात, पण शिकतात आपल्याकडे बघून. परीक्षेत "सीट बेल्ट लावावा" याला आपण गुण देतो आणि घरी जाताना त्यांच्या डोळ्यांदेखत क्लिप खोचतो. मग इशारा म्हणजे गप्प करण्याची गोष्ट, हाच धडा त्यांच्या मनात पक्का होतो.

सोमवारी मी ती क्लिप वर्गात नेली. माझ्याकडून काय चूक झाली ते मुलांना सांगितलं. मागच्या रांगेतला तो मुलगा फार लक्ष देऊन ऐकत होता. दोन दिवसांनी म्हणाला, "बाई, पप्पांनी पण काढली."

पालकहो, आज गाडीत बसाल तेव्हा एकदा बघा. तुमच्या गाडीत अशी क्लिप असेल तर मुलांसमोरच काढा आणि का काढली तेही त्यांना सांगा.