होर्हेला जॉर्ज म्हणणं थांबवूया

काही वर्षांपूर्वी एका अंकासाठी मी अर्जेंटिनाच्या एका लेखकावर लेख लिहिला होता. लेखात पंधरा-वीस वेळा त्याचं नाव आलं होतं : होर्हे लुइस बोर्हेस. अंक हातात पडला तेव्हा सगळीकडे ‘जॉर्ज लुईस बोर्जेस’ छापलेलं. मी फोन केला. पलीकडून अगदी शांत उत्तर आलं, “अहो, वाचकाला कळायला नको का? स्पेलिंग तर जॉर्जचंच आहे ना?”

मला राग आला, पण तो पूर्णपणे प्रामाणिक नव्हता. कारण कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत मीही त्याला ‘जॉर्ज बोर्जेस’च म्हणायचो, तेही मोठ्या ऐटीत. इंग्रजी अनुवाद वाचला, कव्हरवरची अक्षरं पाहिली आणि इंग्रजी शाळेतल्या सवयीने उच्चार केला. हॉस्टेलवरचा माझा मडगावचा रूममेट एकदा हसला. म्हणाला, “माझ्या आजोबांचं नाव जुझे. तू ते कागदावर वाचलंस तर ‘जोस’ म्हणशील. आजोबा ओ देणार नाहीत.”

ते वाक्य डोक्यात राहिलं. माणूस ज्या हाकेला ओ देतो ते त्याचं नाव. बाकी सगळं स्पेलिंग.

आता या एका नावाचं काय होतं ते बघा. मूळ ग्रीक : गेओर्गिओस. अर्थ शेतकरी, जमिनीवर काम करणारा. हे नाव संत जॉर्जमुळे युरोपभर पसरलं आणि प्रत्येक भाषेने ते आपापल्या तोंडाने म्हटलं. इंग्रजीत जॉर्ज झालं, कातालानमध्ये जॉर्डी. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये स्पेलिंग अक्षर न अक्षर सारखं, पण आवाज पार वेगळे. स्पॅनिश माणूस म्हणतो होर्हे, त्यातला ह घशातून घासत येणारा. पोर्तुगीज माणूस म्हणतो झोर्ज, आणि शेवटचा स्वर जवळजवळ गिळतो. ब्राझीलमध्ये तोच स्वर मोकळा होतो आणि झॉर्जी ऐकू येतं. एक स्पेलिंग, तीन हाका. आपण तिघांवर एकच रोलर फिरवतो : जॉर्ज.

“मग बिघडलं काय?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बिघडतं ते असं.

१९८६ची वर्ल्ड कप फायनल. अर्जेंटिना विरुद्ध पश्चिम जर्मनी, ३-२. आपल्याला मॅराडोना आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या सामन्यात अर्जेंटिनाचा दुसरा गोल केला होर्हे वाल्दानोने आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना मॅराडोनाच्या पासवर विजयी गोल केला होर्हे बुर्रुचागाने. तीनातले दोन गोल दोन होर्हेंचे. मेस्सीच्या वडिलांचं नावही होर्हेच. त्या देशात हे नाव आपल्याकडच्या सुरेश-रमेशसारखं घरोघरी आहे. ‘जॉर्ज’ लिहिलंत की ती गल्ली, तो मोहल्ला, ती हाक गायब होते आणि सुटाबुटातला कुणी इंग्रज साहेब समोर उभा राहतो.

आता दुसरं उदाहरण. १९६५ साली सांता फे शहरातल्या जेझुइट शाळेत साहित्य शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोर्हेसला बोलावलं. बोर्हेस तेव्हा जगप्रसिद्ध होता, आंधळा झालेला होता आणि ब्वेनोस आइरेसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक होता. तरीही तो आला. त्या मुलांनी लिहिलेल्या कथांच्या पुस्तकाला त्याने प्रस्तावनाही लिहिली. तो तरुण शिक्षक म्हणजे होर्हे मारिओ बेर्गोल्यो, जो २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस झाला. आणि १९७६ मध्ये सत्ता बळकावून हजारो माणसं ‘बेपत्ता’ करणाऱ्या लष्करी राजवटीचा प्रमुख कोण? होर्हे राफाएल विदेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बोर्हेस त्याच्यासोबत जेवायला बसला आणि बाहेर येऊन त्याने त्याची स्तुतीही केली. पुढे त्याचे डोळे उघडले. १९८०मध्ये बेपत्ता लोकांबद्दल जाब विचारणाऱ्या निवेदनावर त्याने सही केली आणि १९८५मध्ये त्या लष्करशहांवर खटला चालला तेव्हा तो कोर्टात जाऊन बसला.

एक लेखक, एक पाद्री, एक हुकूमशहा. एकाच देशाचे, एकाच नावाचे. एका समाजाच्या पोटात किती परस्परविरोधी गोष्टी असतात हे या तीन होर्हेंकडे बघून कळतं. पण आपल्याकडे यातला एक बोर्जेसच्या आधीचा जॉर्ज, दुसरा पोपच्या आधीचा जॉर्ज आणि तिसऱ्याचं नाव कुणाला माहीतच नाही. तिघं एकाच अंगणातले आहेत हे दिसणार कसं?

योगायोग तर आणखी मोठा आहे. पेरूचा नोबेल विजेता लेखक मारिओ वार्गास योसा याचं पूर्ण नाव होर्हे मारिओ पेद्रो वार्गास योसा. तो आणि पोप फ्रान्सिस, दोघंही होर्हे मारिओ. दोघांचा जन्म १९३६चा. दोघंही एप्रिल २०२५मध्ये आठ दिवसांच्या अंतराने गेले. दोन्ही बातम्या मी फोनवर मराठीत वाचल्या. पोप होते ‘जॉर्ज मारिओ’, लेखक होता ‘लोसा’. स्पॅनिशमध्ये दोन एल एकत्र आले की य होतो, हे कुणी बघितलं नव्हतं.

आता सीमा ओलांडून ब्राझीलला जाऊ. तिथला कादंबरीकार झॉर्जी अमादू. बाइया प्रांताचा. कम्युनिस्ट पक्षाचा खासदार म्हणून निवडून आला आणि १९४६च्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याची तरतूद घालून घेतली, कारण आफ्रिकी मुळांच्या कांदोम्ब्ले पंथाच्या लोकांवर पोलिसांच्या धाडी पडत. त्याला ‘जॉर्ज’ म्हणणं चूक, हे आता काही जणांना पटलंय. पण ते काय करतात? त्याला ‘होर्हे’ करतात! कारण लॅटिन अमेरिका म्हणजे स्पॅनिश असं गृहीत धरलेलं असतं. ब्राझील पोर्तुगीज बोलतो. होर्हे आणि झॉर्जी हा फरक कानावर पडला तर ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकाशिवाय कळेल. जॉर्जमध्ये ती कळत नाही.

इथे कुणी तरी म्हणेल, ही शुद्धलेखनवाल्यांची नवी फॅशन. मला शुद्धतेचं काही पडलेलं नाही. उलट आपल्या आजी-आजोबांनी पोर्तुगीज शब्दांची जी मनसोक्त मोडतोड केली तिच्या मी प्रेमात आहे. अफोन्सोचा हापूस झाला, लेलांवचा लिलाव झाला, गामेलाचं घमेलं झालं. चावी, पगार, साबण, बिजागरी, नाताळ, सगळे तिथूनच आले. यातला एकही शब्द मूळ उच्चाराशी तंतोतंत जुळत नाही. पण हे सगळे शब्द कानाने घेतलेले आहेत. बंदरावर, बाजारात, स्वयंपाकघरात कुणी तरी बोललं, कुणी तरी ऐकलं आणि आपल्या जिभेला जमेल तसं म्हटलं. गोव्यात जुआंवचा जुवांव झाला तेव्हा त्यातलं नाकातलं गुणगुणणंसुद्धा शाबूत राहिलं. सिकंदरसुद्धा असाच, तोंडातोंडी फिरत फिरत आपल्यापर्यंत आला.

‘जॉर्ज बोर्जेस’ मात्र डोळ्याने घेतलेला आहे, तोही उसन्या चष्म्यातून. कुणी ऐकलंच नाही. इंग्रजी स्पेलिंग बघितलं आणि देवनागरीत उतरवलं. क्रीडा पानावरचं ‘जोस मोरिन्हो’ घ्या. पोर्तुगीज माणूस म्हणतो झुझे मोरिन्यु. माझ्या रूममेटच्या आजोबांना अख्खी सासष्टी ‘जुझे’ म्हणायची, तो उच्चार आपल्या स्पोर्ट्स डेस्कपेक्षा लिस्बनच्या जास्त जवळ आहे. ४५१ वर्षं पोर्तुगीज गोव्यात होते. १५४९-५०मध्ये तिथे झोर्ज काब्राल नावाचा गव्हर्नरही होऊन गेला. शेजारच्या घरात इतकी शतकं ऐकू येत असलेलं नाव आपण लंडनला विचारून लिहितो, याची मला लाज वाटते.

लाज वाटण्याचं दुसरं कारण घरचंच आहे. माझ्या आडनावात ठ आहे. रोमन लिपीत त्याचा टी-एच होतो आणि दिल्लीहून फोन आला की मी ‘साथे जी’ होतो. ठाण्याचं थाने होतं, लोणावळ्याचं लोनावला, काळेंचं काले. तेव्हा आपण चिडतो. टीव्हीवरच्या अँकरला कमेंटमध्ये झोडपतो. आमचा ण, आमचा ळ म्हणून अस्मितेचे झेंडे नाचवतो. मग तोच न्याय दुसऱ्याच्या ह आणि झला का नाही? इंग्रजीने आपलं नाव चेपलं की तो अन्याय, आणि इंग्रजीच्याच साच्यातून आपण होर्हेचं नाव चेपलं की ती वाचकाची सोय?

सोयीचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळणार नाही. वाचक ‘होर्हे’ वाचून अडखळेल, सर्चमध्ये सापडणार नाही. ठीक. पहिल्यांदा नाव येईल तेव्हा एक ओळ लिहा : इंग्रजी स्पेलिंगमुळे अनेकजण याला जॉर्ज म्हणतात. पुढे होर्हे. ज्या वाचकाला आपण कोरियन सिरीजमधल्या हिरोंची नावं पाठ करताना रोज बघतो, त्याला दोन अक्षरं जड जातील हे मला पटत नाही. वाचकाला कळणार नाही असं म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःला शोधायचं नसतं.

आणि प्रत्येक जॉर्ज चूक नसतो, हेही सांगतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे, १९७४च्या रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस. आडनाव पोर्तुगीज वळणाचं, पण आईने नाव ठेवलं ते इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जवरून. ते आयुष्यभर जॉर्ज या हाकेला ओ देत राहिले. त्यांना झोर्ज करणं हा वेगळा आगाऊपणा होईल. नियम एकच : त्या माणसाच्या घरात त्याला काय म्हणतात?

हे शोधायला आज काय लागतं? आपल्या आजोबांना बंदरावर उभं राहून ऐकावं लागायचं. आपल्या खिशात फोन आहे. अर्जेंटिनाची कॉमेंट्री लावा, ब्राझीलची मुलाखत ऐका, दहा सेकंद पुरतात. मग आपल्या जिभेला जमेल तसं लिहा. थोडं चुकलं तरी चालेल. हापूसही चुकलेलाच आहे, आणि किती गोड चुकलाय.

त्या अंकाला मी नंतर पुन्हा एक लेख पाठवला. या वेळी मेलच्या शेवटी बोर्हेसच्या मुलाखतीची एक क्लिप जोडली आणि लिहिलं, “नाव बदलण्याआधी एकदा ऐका.” लेख छापून आला. नाव होर्हेच होतं.