वेगवान कुलूप नको, सुटणारं कुलूप हवं

गेल्या वर्षीच्या निबंध स्पर्धेची शेवटची रात्र मंडळातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. प्रवेशिका रात्री बारापर्यंत साईटवर टाकायच्या होत्या आणि साडेनऊच्या सुमारास साईट गप्प झाली. बंद पडली असं म्हणता येणार नाही. बंद पडली असती तर निदान तसा संदेश तरी दिसला असता. पान उघडायला जावं तर नुसतं गोल गोल फिरत राहायचं. मी सकाळी सातला उठून बघितलं तेव्हा कळलं. तोवर तारीख उलटली होती.

चूक माझी होती. ती कशी झाली हे सांगते, कारण त्यातून माझं एक ठाम मत झालंय आणि ते फक्त कॉम्प्युटरवाल्यांपुरतं नाही असं मला वाटतं.

आपली साईट कॉलेजच्या एका जुन्या मशीनवर अपाची ह्या वेब सर्व्हरवर चालते. अपाची एकटा काम करत नाही. तो आपल्यासारख्याच बऱ्याच प्रोसेस उभ्या करून ठेवतो आणि येणारी विनंती त्यांतली कुणीतरी एक उचलते. आता प्रश्न असा की उचलायची कुणी? ऑफिसात साहेबांनी घंटा वाजवली आणि चार शिपाई एकदम उठले, तर काम एकालाच मिळणार, बाकीचे तिघे उगाच उठले आणि उगाच बसले. सर्व्हरमध्ये असं सेकंदाला शेकडो वेळा झालं तर मशीन त्या उठबशीतच दमतं. दारं दोन असली, म्हणजे साध्या आणि सुरक्षित पत्त्यासाठी ८० आणि ४४३ असे दोन पोर्ट उघडे असले, तर आणखी घोळ. एका दारात पाहुणा आला म्हणून सगळे तिकडे धावले, एकानं त्याला आत घेतलं, आणि बाकीचे त्याच रिकाम्या दाराशी पुढच्याची वाट बघत अडकले. दुसऱ्या दारातल्याला कुणी विचारायलाच नाही.

म्हणून कुलूप. ज्याच्या हातात कुलूप, त्यानंच दाराकडे बघायचं. एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरला टोकनचा गोळा द्यायचे ना, तसंच. गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. आमच्या विषयातला ‘सेमाफोर’ हा शब्दही तिकडचाच, हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलचा. डायक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात तो कॉम्प्युटरमध्ये आणला.

अपाचीत हे कुलूप कोणतं वापरायचं ते निवडता येतं. पूर्वी त्यासाठी वेगळी सेटिंग होती. २०१२ साली २.४ ही आवृत्ती आली तेव्हापासून ‘म्युटेक्स’ ह्या एका शब्दापुढे नाव लिहिलं की झालं. एफलॉक, एफसीएनटीएल, सिसव्हीसेम, पॉझिक्ससेम, पीथ्रेड अशी ती नावं. काहीच लिहिलं नाही तर त्या मशीनला साजेसं कुलूप अपाची स्वतः घेतो.

मी मात्र लिहिलं. स्पर्धा जवळ आलेली, साईट हळू चालतेय अशी सगळ्यांची कुरकुर. पहिल्या दोन प्रकारांना डिस्कवर एक फाईल लागते, पॉझिक्ससेमला लागत नाही, म्हणजे तो हलका आणि वेगवान, एवढं वाचून मी ते नाव टाकलं आणि मोठं काम केल्यासारखी झोपले. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी ती रात्र.

लॉग वाचल्यावर उलगडा झाला. एका जुन्या मॉड्यूलमध्ये दोष होता. आमच्या मांडणीत एका प्रोसेसमध्ये अनेक धागे असतात. त्यातला एक धागा कुलूप धरून दाराकडे बघत असतो, बाकीचे आत आलेल्यांचं काम करतात. त्या रात्री काम करणारा एक धागा सेगमेंटेशन फॉल्टनं पडला. एक पडला की अख्खी प्रोसेस जाते, म्हणजे कुलूप धरून बसलेलाही गेला. आणि पॉझिक्ससेमचा स्वभाव असा, की धरणारा मेला तरी कुलूप कुणी सोडवत नाही. गोळा मेलेल्याच्या हातात आणि बाकीच्या गाड्या स्टेशनात उभ्या. मेलेल्या प्रोसेसच्या जागी अपाचीनं इमानानं नवी प्रोसेस उभी केली, तीही येऊन त्याच रांगेत बसली! बाहेरून बघाल तर मशीन चालू, प्रोसेस हजर, प्रोसेसरवर भार जवळजवळ शून्य. सगळं कसं शांत.

आता इथं लबाडी करता येते. दोष मॉड्यूलचा होता, कुलपाचा काय संबंध, असं मलाही आधी वाटलं. पण मॉड्यूल कधीतरी पडणारच. माणसानं लिहिलेलं आहे ते. एफसीएनटीएल किंवा एफलॉक असतं तर प्रोसेस मेल्याबरोबर कर्नलनं कुलूप सोडवलं असतं, एका वाचकाचं पान गेलं असतं आणि पुढच्या क्षणी काम सुरू झालं असतं. अपाचीच्या माहितीपुस्तकात पॉझिक्ससेमचा हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे. मी वेगाचं वाक्य वाचलं आणि त्याच्या शेजारचं मरणाचं वाक्य सोडलं.

प्रत्येक कुलपाचं असं काहीतरी आहे. फाईलवाली कुलपं भरवशाची, पण ती फाईल मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच हवी. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर ठेवली की भरवसा गेला. सिसव्हीसेम मेलेल्याचं कुलूप सोडवतो, पण मुख्य अपाचीच अचानक मेला तर त्याचे सेमाफोर मागे राहतात. असे साठत गेले की एक दिवस अपाची सुरूच होत नाही आणि संदेश देतो, ‘डिव्हाइसवर जागा नाही’. तुम्ही डिस्क बघता तर ती अर्धी रिकामी. भरलेली असते ती सेमाफोरची मर्यादा, आणि ती बघायला आयपीसीएस नावाची वेगळी आज्ञा माहीत असावी लागते. पीथ्रेडमध्ये मेलेल्याचं कुलूप परत मिळवायची सोय असते, पण ज्या सिस्टिमवर ती आहे तिथंच.

ह्यावर माझे वर्गमित्र म्हणतात, अगं, आता कुलपंच जाऊ लागलीत, तू कुठल्या जमान्यात आहेस? खरं आहे. लिनक्सच्या ३.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, प्रत्येक प्रोसेसला त्याच दाराशी स्वतःची वेगळी रांग मिळू शकते. २०१६ मधल्या ४.५ पासून सगळ्यांना न उठवण्याची सोय ईपोलमध्येही आली. एन्जिनएक्स ह्या दुसऱ्या सर्व्हरनं त्याच वर्षी आपलं कुलूप मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. गरज नसेल तर कुलूप लावूच नये, हे मलाही मान्य. पण वेगळ्या रांगा केल्या तरी एक प्रोसेस अडकली की तिच्या रांगेतले लोक उभेच राहतात, शेजारची रिकामी बसलेली असली तरी. म्हणजे कुलूप गेलं, प्रश्न गेला नाही. काम करणारा अडकला तर वाट बघणाऱ्याचं काय?

माझं मत एवढंच आहे. निवडताना हा प्रश्न पहिला विचारावा आणि वेगाचा शेवटी. त्यातही मोजल्याशिवाय विचारू नये. मी नंतर मोजलं, तेव्हा कुलूप बदलून आपल्या साईटला डोळ्यांना दिसेल असा काहीच फरक पडलेला नव्हता. ती हळू होती ती मुखपृष्ठावरच्या अवाढव्य फोटोंमुळे. फोटो लहान करणं कंटाळवाणं, सेटिंग बदलणं हुशारीचं, म्हणून मी दुसरं केलं. आपल्याकडच्या साईटवर रात्री पहारा द्यायला कुणी नसतं. मोठ्या कंपनीत मध्यरात्री कुणीतरी जागं असतं, ती घेईल जोखीम. आपण नाही घ्यायची.

त्या आठवड्यात खानापूरकडच्या एका गावातली प्रथम वर्षाची मुलगी भेटली. अख्खा निबंध तिनं मोबाईलवर टाईप केलेला. म्हणाली, “अक्का, मी साडेनऊलाच पाठवलेलं की. फिरतच बसलं ते. मला वाटलं आमच्या गावची रेंजच तसली.” मंडळानं नंतर मुदत दोन दिवस वाढवली, पण ती सूचनाही साईटवरच लावलेली आणि तिनं परत साईट उघडलीच नव्हती. दोष आपल्याच रेंजचा असं तिला वाटलं, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं.

ती म्युटेक्सची ओळ मी काढून टाकलीय. फोटो लहान केलेत, जुनं मॉड्यूल काढलंय. यंदा शेवटच्या रात्री बारापर्यंत मी जागी असेन, आणि प्रवेशिका हातानं लिहून मराठी विभागात आणून दिली तरी चालेल, अशी ओळ सूचनेत घालायला मंडळानं मान्यता दिली आहे.